नाव प्रकाशकाचं, शेवट लेखकाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी समलैंगिक आहे. सांगली जिल्ह्यात राहतो आणि टोपणनावानं रहस्यकथांची एक मालिका लिहितो. तिचा नायक समलैंगिक गुप्तहेर आहे. ओळखीचे लेखक म्हणतात, असलं खपाऊ लिहून हात बिघडेल, या विषयावर लिहायचंच तर गंभीर लिही. फक्त असंच लिहून कुणाची कारकीर्द झाली आहे का? झाली असेल तर ती चालते कशी, आणि शेवटी लेखकाच्या हाती काय राहतं?"

झाली आहे, आणि दणदणीत झाली आहे. लोकप्रिय कादंबऱ्यांच्या संपादनात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे अशा लेखनाचं अर्थकारण आणि त्यातले खाचखळगे मला जवळून माहीत आहेत. तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत नेमकं लागू पडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे : व्हिक्टर जे. बॅनिस. त्यांचा जन्म १९३७चा, पेनसिल्व्हेनियातला. बालपण ओहायोतल्या ईटन या लहानशा गावात गेलं. घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता आणि पैशांची कायम ओढाताण. १९६०च्या सुमारास ते लॉस एंजेलिसला आले. २०१९मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांची पुस्तकं शंभराच्या कितीतरी पुढे गेली होती. त्यांतली बरीचशी त्यांच्या स्वतःच्या नावावर नव्हती.

बॅनिस लिहू लागले तेव्हा समलैंगिक पात्रांचं पुस्तकात काय होत असे, ते आधी सांगते. त्यावाचून त्यांनी काय केलं हे कळणार नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्या औषधांच्या दुकानांत, बस स्थानकांवर, तारेच्या फिरत्या मांडण्यांवर विकल्या जात. दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या त्यांत तडाखेबंद खपत. १९५२मध्ये मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावानं 'स्प्रिंग फायर' लिहिली आणि ती लाखांनी खपली. पण लिहिण्याआधीच त्यांच्या संपादकानं बजावलं होतं की या दोघींना सुखात ठेवता येणार नाही, टपाल खातं पुस्तक अडवेल. पुस्तकं टपालानंच देशभर जात, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. मग कादंबरीच्या शेवटी एकीला वेड लागतं आणि दुसरीला कळतं की आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. कितीतरी पुस्तकांत हाच साचा दिसतो. मधली दोनशे पानं वाचकाच्या हवाली, आणि शेवटची दहा पानं टपाल खात्याच्या.

तुम्ही तुमच्या नायकाचं शेवटी काय करता, हा म्हणूनच या सगळ्या व्यवसायातला कळीचा प्रश्न. बॅनिस यांच्या कारकिर्दीकडे मी याच बाजूनं बघते. त्यांच्याकडे नाव नव्हतं, पुस्तकाचं शीर्षक त्यांच्या हातात नव्हतं, मुखपृष्ठ नव्हतं, बहुतेक वेळा मालकीही नव्हती. शेवट मात्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

सुरुवात खटल्यानं झाली. १९६४मध्ये 'द अफेअर्स ऑफ ग्लोरिया' ही त्यांची पहिली कादंबरी व्हिक्टर जे या नावानं ब्रँडन हाउसनं काढली. ती समलैंगिक पुरुषांबद्दल नव्हती. एका मोकळ्या वागण्याच्या बाईची ती चटकदार गोष्ट होती. पुस्तक कॅलिफोर्नियात निघालं आणि खटला भरला गेला हजारो मैलांवरच्या आयोवा राज्यातल्या सू सिटीत. १९५८मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली होती. अश्लील ठरवलेला मजकूर जिथून पाठवला तिथेच नव्हे, तर तो जिथे पोचला त्या गावीही आता खटला चालवता येई. साहजिकच सरकारी वकील सनातनी वळणाचं गाव निवडत. प्रकाशक मिल्टन ल्युरॉस आणि त्यांच्या माणसांबरोबर बॅनिसही आरोपी होते. पहिलंच पुस्तक आणि समोर केंद्र सरकार. बॅनिस सुटले. ल्युरॉस यांना शिक्षा झाली, ती अपील न्यायालयानं १९६८मध्ये रद्द केली.

अशा अनुभवानंतर बहुतेक माणसं लेखणी खाली ठेवतात. बॅनिस यांनी उलटं केलं. निरुपद्रवी गोष्टीसाठीही पिंजऱ्यात उभं करणार असतील, तर मग मनात आहे तेच का लिहू नये? त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका समलैंगिकांच्या बारवर कादंबरी लिहिली : तिथे येणारी गिऱ्हाइकं, त्यांच्या एकमेकांत गुंफलेल्या गोष्टी, रात्रीचे सौदे, रुसवे, एकटेपण. 'द व्हाय नॉट' ही ती कादंबरी १९६६मध्ये सॅन दिएगोच्या ग्रीनलीफ क्लासिक्सनं काढली.

ग्रीनलीफबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं. विल्यम हॅमलिंग हे तिचे मालक आणि अर्ल केम्प संपादक. दोघंही विज्ञानकथांच्या जगातून आलेले. हॅमलिंग विज्ञानकथांची मासिकं काढत, तर केम्प यांना चाहत्यांच्या नियतकालिकासाठी १९६१चा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. या मंडळींना पुस्तकांचा कारखाना कसा चालतो ते पक्कं ठाऊक होतं. महिन्याला ठरलेल्या संख्येनं पुस्तकं निघत, पानं ठरलेली, हप्ता ठरलेला. लेखकाला एकरकमी पैसे. विज्ञानकथाकार रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी उमेदवारीच्या काळात हॅमलिंग यांच्यासाठी अशा पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या. सुरुवातीला एका कादंबरीचे त्यांना ६०० डॉलर मिळत. खप कितीही होवो, लेखकाचा संबंध तिथे संपला. शिवाय टोपणनाव बहुतेक वेळा प्रकाशनसंस्थेचं. डॉन हॉलिडे या नावानं आधी दुसरेच लेखक लिहीत होते, मग ते बॅनिस यांच्या पुस्तकांवर आलं. वाचकाला आपला आवडता डॉन हॉलिडे भेटत राही. त्यामागचा माणूस बदलला तरी कुणाला पत्ता नसे.

केम्प यांचं मोठेपण असं की 'द व्हाय नॉट' खपली तेव्हा त्यांनी तिच्याकडे चुकून लागलेला मटका म्हणून पाहिलं नाही. इतकी वर्षं कुणी विचारात न घेतलेला वाचक आपल्याला सापडला आहे, हे त्यांनी ओळखलं. तो वाचक देशभर विखुरलेला होता, एकमेकांना न ओळखणारा, लहान गावांत दडून राहणारा. पुस्तक विकत घेणं हीच त्याच्या दृष्टीनं जोखीम होती, तरी तो ते घेत होता. मग केम्प यांनी बॅनिस यांच्याकडे आणखी बाडं मागितली आणि इतर लेखकांसाठीही दार उघडलं. त्याच वर्षी ग्रीनलीफनंच रिचर्ड अ‍ॅमरी यांची 'साँग ऑफ द लून' काढली. एकोणिसाव्या शतकातल्या ओरेगनच्या रानात पुरुषांच्या प्रेमाची ती कहाणी. तिच्यात अपराधीपणाचा लवलेश नाही. तीही प्रचंड खपली. पुढच्या काही वर्षांत समलैंगिक नायकांच्या शेकडो कादंबऱ्या बाजारात आल्या. मोठ्या प्रकाशनसंस्था, समीक्षक, विद्यापीठं यांतल्या कुणीही तोवर हे धाडस केलेलं नव्हतं. विक्रीचे आकडे बघणाऱ्या एका संपादकानं ते केलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. १९६६मध्येच बॅनिस यांनी 'द मॅन फ्रॉम कॅम्प' लिहिली. तेव्हा टीव्हीवर आणि पडद्यावर गुप्तहेरांची लाट होती. बॅनिस यांनी तिचा समलैंगिक अवतार घडवला. कॅम्प ही समलैंगिकांच्या रक्षणासाठी झटणारी गुप्त संघटना, आणि तिच्या विरोधात त्यांचा नायनाट करायला निघालेली 'बुच' नावाची टोळी. नायक जॅकी होम्स : सोनेरी केस, नाजूक चाल, बोलण्यात नखरा. सोबतीला सोफी नावाची पांढरी पूडल कुत्री, दिसायला लाडोबा, पण वेळ आली की लचका तोडणारी. समोरचा गुंड जॅकीकडे बघतो आणि मनातल्या मनात त्याला मोडीत काढतो. तिथेच तो फसतो. पुढच्या पानावर तो जमिनीवर पडलेला असतो.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली, नायकाचा नखरा. त्याआधीच्या पुस्तकांत अशा चालीचा पुरुष एक तर टिंगलीसाठी असे, नाहीतर मरण्यासाठी. बॅनिस यांनी तो नखरा तसाच ठेवला, त्याला 'मर्द' बनवण्याच्या भानगडीत पडले नाहीत, आणि त्यालाच त्याचं हत्यार केलं. हसवणूक होते, पण ती जॅकीला कमी लेखणाऱ्याची. शिवाय गुप्तहेरकथा म्हणजे मुळात दुहेरी ओळखीची गोष्ट. खरं नाव लपवायचं, खुणेनं ओळख पटवायची, कुणावर विश्वास ठेवायचा हे क्षणात ठरवायचं. १९६६च्या अमेरिकेत इलिनॉय हे एक राज्य सोडलं तर पुरुषांमधला संबंध सगळीकडे गुन्हा होता. त्या काळच्या समलैंगिक वाचकाला हे सगळं रोजच्या जगण्यातून पाठ होतं. त्याला गुप्तहेरकथेची परिभाषा शिकवावी लागली नाही. तुम्हीही हाच प्रकार निवडला आहे. तुमचा नायक सांगलीतल्या लॉजवर खोटं नाव सांगत असेल, फोनमध्ये मित्राचा नंबर बाईच्या नावानं जतन करत असेल, तर ते गुप्तहेराचं कौशल्य आहे आणि तुमच्या वाचकाचं रोजचं वास्तवही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ती मालिका होती. बॅनिस यांनी जॅकीच्या नऊ कादंबऱ्या लिहिल्या. मालिकेच्या नायकाला मारता येत नाही. त्याला वेड लागू शकत नाही, तो पश्चात्ताप करून लग्न करू शकत नाही, कड्यावरून उडी घेऊ शकत नाही, कारण पुढच्या महिन्यात तो पुन्हा हवा असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला किंवा काळा पहाडला वाचकांनी मरू दिलं असतं का? जो नियम निव्वळ खपासाठी होता, त्यानंच एका समलैंगिक नायकाला जगायची हमी दिली. एक पुस्तक संपलं तरी जॅकी जिवंत असतो, खुशीत असतो आणि पुढच्या कामगिरीला तयार असतो. गंभीर साहित्यात त्या काळी अशी हमी नव्हती. तुमच्या लेखकमित्रांना हे जरूर सांगा. गंभीर लिहिणं चांगलंच, पण 'गंभीर' म्हणताना त्यांच्या मनात दुःखान्त असेल, तर तो साचा टपाल खात्यानं घडवलेला आहे, आणि त्याचं वय सत्तरच्या पुढे गेलं आहे.

हे मी नुसत्या उत्साहानं म्हणत नाही. त्याच काळातल्या जोसेफ हॅन्सन यांनीही मालिकेच्याच वाटेनं प्रतिष्ठा मिळवली. ते बॅनिस यांच्याहून चौदा वर्षांनी मोठे, १९२३चे. जेम्स कोल्टन या टोपणनावानं त्यांनी १९६०च्या दशकात स्वस्त कादंबऱ्या लिहिल्या. पण त्यांना रहस्यकथेच्या मुख्य दालनात जायचं होतं. डेव्ह ब्रँडस्टेटर हा त्यांचा नायक : विमा कंपनीचा तपासनीस, मध्यमवयीन, शांत, कामात चोख आणि समलैंगिक. त्याची समलैंगिकता कथेत बातमी म्हणून येतच नाही, ती त्याच्या घरात, जेवणात, जोडीदाराच्या आठवणीत असते. त्याची पहिली कादंबरी, 'फेडआउट', काही वर्षं नकार पचवत फिरली. शेवटी १९७०मध्ये हार्पर अँड रो या मातब्बर संस्थेच्या रहस्यकथा संपादक जोन कान यांनी ती काढली. पुढे १९९१पर्यंत ब्रँडस्टेटरच्या बारा कादंबऱ्या निघाल्या. तो नायक पुस्तकागणिक म्हातारा होत गेला. त्याचे केस पांढरे झाले, वडील गेले, नाती बदलली. हॅन्सन यांनी त्याला एकवीस वर्षं जगू दिलं. समलैंगिक माणूस वाढत्या वयात कसा दिसतो, हे अमेरिकन वाचकांनी एका रहस्यमालिकेत पाहिलं. हॅन्सन यांना १९९२मध्ये खासगी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेचा जीवनगौरव मिळाला.

दोन वाटा तुमच्यासमोर आहेत. हॅन्सन यांनी ब्रँडस्टेटरची मालिका सावकाश लिहिली, स्वतःच्या नावानं लिहिली आणि दारं उघडेपर्यंत वाट पाहिली. बॅनिस थांबले नाहीत. भराभर लिहिलं आणि वाचकाला लगेच हवं ते दिलं. मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे. मात्र ज्या वाचकाला १९६६मध्ये, त्या आठवड्यात, कुणीतरी आपल्यासारखा जिवंत नायक हवा होता, त्याच्यापर्यंत बॅनिस आधी पोचले.

तिसरी वाट कार्ल कॉर्ली यांची. तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. मिसिसिपीतला हा माणूस लुइझियाना राज्याच्या महामार्ग खात्यात चित्रकार म्हणून नोकरी करत होता. १९६६ ते १९७१ या काळात त्यांनी बावीस कादंबऱ्या लिहिल्या, अनेकांची मुखपृष्ठं स्वतः काढली, आणि सगळ्यांवर स्वतःचं खरं नाव घातलं. सरकारी नोकरी, दक्षिणेतलं राज्य, आणि पुस्तकावर खरं नाव! त्यांचे कागद आता ड्यूक विद्यापीठात जपलेले आहेत. हे तुम्ही करावं असं मी म्हणणार नाही. तुमचं घर, तुमचं गाव, तुमची नोकरी मला माहीत नाही. टोपणनाव घेण्यात भित्रेपणा नाही, तो व्यवसायातला एक रीतसर मार्ग आहे. फक्त ते नाव तुमचं असावं, प्रकाशकाचं नसावं.

आता या धंद्याची काळी बाजू. ग्रीनलीफच्या बरभराटीला न्यायालयाचा हातभार होता. रॉबर्ट रेड्रप हा न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या एका स्टॉलवरचा विक्रेता. साध्या वेशातल्या पोलिसाला दोन कादंबऱ्या विकल्या म्हणून त्याला दोषी ठरवलं गेलं. कादंबऱ्या हॅमलिंग यांच्याच होत्या आणि लढाईचा खर्चही त्यांनीच उचलला. मे १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेड्रपला सोडलं. त्यानंतर सहा वर्षं त्या निकालाच्या आधारानं एकतीस प्रकरणांतल्या शिक्षा तिथे रद्द झाल्या. भीती गेली, पण भीतीबरोबर संपादकाची गरजही कमी झाली. आता काहीही छापता येत असेल तर कथानक कशाला, असा हिशेब प्रकाशक करू लागले. पानागणिक शरीरसंबंध हवेत, गोष्ट नसली तरी चालेल. ज्यांना गोष्ट सांगायची होती, त्या लेखकांची कोंडी झाली. अ‍ॅमरी यांनी प्रकाशकांच्या मोबदल्याबद्दल आणि लेखनात केलेल्या ढवळाढवळीबद्दल उघड आवाज उठवला आणि लेखकांनी मिळून स्वतःचं प्रकाशन काढावं यासाठी खटपट केली. ती साधली नाही. १९७३मध्ये मिलर खटल्याचा निकाल आला आणि अश्लीलता ठरवायची मोजपट्टी पुन्हा स्थानिक समाजाच्या हाती गेली. अश्लीलतेवरच्या सरकारी आयोगाच्या अहवालाची सचित्र आवृत्ती काढल्याबद्दल हॅमलिंग आणि केम्प यांच्यावर त्याआधीच खटला झाला होता. त्यांना शिक्षा झाली ती पुस्तकाबद्दल नव्हे, टपालानं पाठवलेल्या जाहिरातपत्रकाबद्दल. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि दोघांना तुरुंगात जावं लागलं. मला या दोघांचं विलक्षण वाटतं. ते संत नव्हते, लेखकांना भरपूर पिळत होते. तरी ज्या पुस्तकांमुळे असंख्य लोकांना आपण एकटे नाही हे कळलं, ती त्यांनीच छापली.

बॅनिस यांनी वारं वेळेत ओळखलं. १९७०च्या दशकात ते जॅन अलेक्झांडर या बाईच्या नावानं भयकादंबऱ्या लिहू लागले : जुना वाडा, वादळी रात्र, घाबरलेली पण न हरणारी नायिका. मग १९७८मध्ये व्ही. जे. बॅनिस या नावानं सेंट मार्टिन्स प्रेसकडून 'धिस स्प्लेंडिड अर्थ' ही कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांवरची भलीमोठी कौटुंबिक कादंबरी आली. पल्पमध्ये, म्हणजे अशा स्वस्त खपाऊ कादंबऱ्यांत, वाढलेला लेखक असा सगळीकडे चालतो, कारण त्यानं प्रकरण कुठे तोडायचं, माहिती कधी हातची राखायची आणि संवादातून पात्र कसं उभं करायचं हे पोटासाठी शिकलेलं असतं. तुमचा हात बिघडेल असं ज्यांना वाटतं, त्यांना ही कादंबरी दाखवा.

१९८०च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र ते बराच काळ लिहायचे थांबले. आणि इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येतं : हाती काय राहतं? त्यांच्याकडे स्वतःच्या नावाची ओळख फारशी नव्हती. समलैंगिक साहित्याचे इतिहास लिहिले गेले, त्यांत न्यू यॉर्कमधल्या समलैंगिकांच्या १९६९च्या स्टोनवॉल उठावाआधीच्या या पुस्तकांना कित्येक वर्षं कोपराही मिळाला नाही. ग्रंथालयांनी ती ठेवलीच नव्हती. वाचकांनी गाद्यांखाली ठेवली आणि घर बदलताना फेकली. मग संग्राहक पुढे आले, त्यांच्यामागून अभ्यासक. इटालियन अभ्यासक फाबियो क्लेतो यांच्या संपादनाखाली २००४मध्ये जॅकीच्या कथांची नवी आवृत्ती आली, त्याच वर्षी बॅनिस यांच्या आठवणींचं पुस्तकही आलं. सत्तरीला टेकलेल्या बॅनिस यांनी पुन्हा लेखणी हातात घेतली. २००७मध्ये त्यांची 'लाँगहॉर्न्स' ही गुराख्यांवरची समलैंगिक प्रेमकादंबरी त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाली. नव्या पिढीतल्या लोकप्रिय समलैंगिक कादंबरीकारांनी त्यांना आपला पूर्वज मानलं, आणि ते त्यांना हयातीत ऐकायला मिळालं. त्यांच्यासारख्या सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. डॉन हॉलिडे नावामागचे खरे लेखक ओळखायला अभ्यासकांना जुने हिशेब आणि पत्रव्यवहार उपसावे लागले.

म्हणून आता तुमच्या करारांबद्दल. तुम्ही भाग मोबाइल अ‍ॅपवर टाकत असाल किंवा प्रकाशकाला देत असाल, तरी आपला १९५७चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूनं बरंच बोलतो, आणि ते बहुतेक लेखकांना माहीत नसतं. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर कलम १९नुसार ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तेवढे हक्क संपतात. म्हणून "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द करारात दिसले की थांबा आणि त्यांची किंमत मागा. कलम ५७नुसार हक्क विकल्यानंतरही 'हे मी लिहिलं' असं सांगायचा अधिकार लेखकाकडे राहतो. टोपणनावाच्या पुस्तकावरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं टिकतो, पण त्या मुदतीत लेखकाचं खरं नाव जाहीर झालं, तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत जातो. आज नाव जाहीर करू नका, पण मूळ फायली, तारखांसकट ईमेल आणि मानधनाच्या पावत्या जपून ठेवा. विश्वासातल्या एका माणसाला त्या कुठे आहेत ते सांगून ठेवा.

कायद्याच्या दुसऱ्या टोकाबद्दलही सांगते, कारण तुमच्या नायकाची प्रेमप्रकरणं असणारच. आपल्याकडेही अश्लीलतेचा कायदा आधी विक्रेत्याच्या मानगुटीवर बसला. मुंबईतल्या एका पुस्तकांच्या स्टॉलच्या भागीदाराला एका परदेशी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल दोषी धरलं गेलं आणि १९६४मध्ये, रणजित उदेशी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. आपले लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांच्यावर 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९मध्ये ते सुटले. मराठी दिवाळी अंकातली कथा दिल्लीत न्यायमूर्तींसमोर वाचली गेली, हे आपल्या खपाऊ साहित्याच्या इतिहासात कुणीतरी ठळक लिहायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या अवीक सरकार खटल्यातल्या निकालानंतर आता मजकूर समग्रपणे आणि आजच्या समाजाच्या नजरेतून बघितला जातो. २०१८पासून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. पण अश्लील मजकुराबद्दलची भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ही कलमं शाबूत आहेत. मोबाइलवर प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराला दुसरं थेट लागू होतं. यामुळे प्रेम लिहिणं टाळू नका. प्रसंग कथेचा भाग असू द्या, तो काढला तर गोष्ट लंगडी पडेल असा. तुमचा वकीलही न्यायालयात हेच मांडेल आणि चांगला संपादकही तुमच्याकडे हेच मागेल.

शेवटचा मुद्दा पात्राच्या मालकीचा. मालिकेत खरी ठेव पुस्तक नसते, नायक असतो. वेबमालिकेसाठी, श्राव्य कथेसाठी, भाषांतरासाठी मागणी येते ती त्याला. अ‍ॅपच्या किंवा प्रकाशकाच्या करारात "पात्रं, मालिकेचं नाव आणि त्यावर आधारित सर्व रूपं" अशी ओळ कुठे दडली आहे का ते बघा. असेल तर ती खोडून प्रसिद्ध होणाऱ्या भागांपुरताच हक्क द्या, आणि त्या खाडाखोडीशेजारी दोघांच्या सह्या घ्या. नायकाला पुढच्या भागात जिवंत ठेवायचं की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवू नये, यासाठी ही एकच ओळ खोडणं पुरेसं आहे.